ओली खडी

लोहचुंबक ताटलीतून वर आला तो दाढी घेऊन. काळी, बारीक, ताठ उभी राहिलेली दाढी. सिरिल हुदाकनं तो दिव्याखाली धरला, अंगठ्यानं दाढी पुसून काढली आणि चुंबक पुन्हा ताटलीतल्या खडीतून फिरवला. पुन्हा दाढी. तिसऱ्या वेळी त्यानं मुद्दाम हात हलका ठेवला, म्हणजे लोखंडाला चाहूल लागणार नाही. तरी दाढी आलीच. मग तो स्टुलावर बसला आणि मोठ्यानं म्हणाला, "गाढवा." तळघरात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे हे कुणाला उद्देशून आहे याबद्दल शंका नव्हती. गेले किती दिवस तो हा दगड फोडत होता! जुन्या बिडाच्या तव्यात घालून हातोडीनं फोडायचा, बायकोच्या, वेरोनाच्या, पिठाच्या चाळणीतून चाळायचा, धुवायचा, तिच्याच ओव्हनमध्ये वाळवायचा. शेवटी साखरेच्या दाण्याएवढी करडी निळसर खडी तयार झाली, अगदी हवी तशी, आणि मग कुठं त्याला चुंबक आठवला. छोट्या रेल्वेचा नाद असलेल्यांच्या शनिवारच्या मंडळातला कालचा आलेला माणूसही हे सांगेल की आधी चुंबक, मग चाळणी. खडीत लोखंडाचा कण राहिला तर तो उडून छोट्या इंजिनाच्या मोटरीत जाऊन बसतो आणि मोटर जळते. हे सिरिलला ठाऊक नव्हतं असं नाही. पण उभा जन्म त्यानं खऱ्या रुळांखाली हाच दगड ठोकून बसवला होता आणि त्यावरून शंभर टनांची इंजिनं धडधडत गेलेली पाहिली होती. हा दगड एखाद्या इंजिनाचं वाईट करील हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. ज्यानं खऱ्या रुळावर घाम गाळलाय त्यानंच करावी अशी ही चूक होती.

त्याची रेल्वे तळघराच्या तीन भिंतींना धरून, कमरेएवढ्या उंचीच्या फळ्यांवर पसरली होती. त्याच्याच पोलादाच्या कारखान्याचं आवार, नदीवरचा धक्का, भट्ट्या, ओतशाळा, भंगाराचा ढीग, सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शानं. रूळ बोटाएवढ्या रुंदीचे. गाड्या धावत होत्या, सिग्नल लागत होते, भट्टीच्या तोंडाशी तांबडा दिवा लुकलुकत होता. फक्त रुळांखाली खडी नव्हती. रूळ नुसत्या बुचाच्या तपकिरी पट्टीवर बसलेले, आणि ते बघताना सिरिलला कुणाला तरी आतल्या कपड्यांवर पाहिल्यासारखं ओशाळं व्हायचं. खडी नसलेला रूळ खेळण्यातला. खडी पडली की तो रेल्वेचा होतो. पण खडीचं एक आहे. ती ब्रशनं सारखी करून, साबणाचं पाणी फवारून, वरून पातळ केलेला गोंद थेंबाथेंबानं सोडला आणि तो एकदा वाळला, की मग रूळ उचलता येत नाही. उचलायचाच तर छिन्नीनं फोडून काढावा लागतो आणि मग तो कसल्याही कामाचा राहत नाही. म्हणून शहाणी माणसं खडी सगळ्यात शेवटी टाकतात, सगळं मनासारखं झाल्यावर. सिरिलचं सगळं मनासारखं होऊन वर्ष उलटलं होतं.

वर्षभर तो रंग शोधत होता. कपडे धुण्याच्या यंत्राशेजारच्या फळीवर ताटल्यांची रांग लागली होती. एकीत दुकानात मिळणारा अक्रोडाच्या टरफलांचा भुगा. रंग बरा, पण पाणी मारलं की लेकाचा तरंगायला लागतो. एकीत चुनखडी, ती फार पांढरी, इस्पितळाच्या आवारात शोभेल अशी. एकीत भट्टीची राख. गोंद पडला की ती डांबरासारखी काळी होते. एकीत कोंबड्यांना घालतात ती ग्रॅनाइटची कणी, तिच्यात गुलाबी झाक. प्रत्येकीत काहीतरी खोट निघायची आणि खोट निघाली की सिरिलला आतून बरं वाटायचं. हे बरं वाटणं त्यानं स्वतःपासूनही लपवून ठेवलं होतं. चेस्टर वोलेक, त्याचा कारखान्यापासूनचा दोस्त, ताटल्या बघून म्हणाला होता, "बायको पाहताना तरी एवढं पारखलं होतंस का रे?" सगळे हसले. सिरिलही हसला. पण वरच्या दाराशी वेरोना उभी होती आणि ती हसली नाही, हे त्यानं पाहिलं होतं.

वेरोनानं जे सांगायचं ते एकदाच सांगितलं होतं. रविवारची प्रार्थना आटोपून दोघं चर्चच्या दगडी जिन्यावरून उतरत होती. तिचा गुडघा दुखत होता म्हणून ती थांबली आणि कठड्याला धरून, खाली नदीकडे बघत म्हणाली, "सिरिल, मला जायचंय." कुठं, हे विचारायची गरज नव्हती. त्यांची मुलगी बर्नाडेट ह्यूस्टनला होती. जावयानं एका शाळेत सिरिलसाठी दुरुस्तीच्या कामाचं बोलून ठेवलं होतं. गॅरेजवरची खोली रिकामी होती. अर्धा पिट्सबर्ग तिकडेच चालला होता. कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागल्यापासून त्यांच्या गल्लीत नुसत्या पाट्या दिसत होत्या, घर विकणे आहे, घर विकणे आहे. "मला जायचंय," वेरोना म्हणाली, "पण तुला ओढून न्यायचं नाही. मी तुझ्या आईच्या घरात आले तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तिच्या स्वयंपाकघरात तिच्याच डब्यांमध्ये मी आयुष्य काढलं. तसं मला तुझं करायचं नाही. तू म्हण, आपण जाऊ. तू म्हणालास की मी त्याच दिवशी सामान बांधीन." यावर सिरिल काय म्हणाला? माणूस गडबडला की तोंडाला येईल ते बोलतो. तो म्हणाला, "बघू. आधी खडीचं तरी ठरू दे." गंमत म्हणून म्हणाला होता. पण गंमत जी पडली ती तिथंच पडून राहिली, आणि त्या दिवसापासून घरात ह्यूस्टनचा विषय निघाला नाही. खडीचा निघायचा. वेरोना कपड्यांची टोपली घेऊन तळघरात यायची, यंत्रात कपडे टाकायची, पावडर घालायची आणि वर जाताना रुळाखालच्या बुचावरून एक बोट फिरवायची. बूच उघडंच असायचं. "रंग मिळाला?" ती विचारायची. "नाही अजून," तो म्हणायचा. तिचा चेहरा तेव्हा उजळायचा की पडायचा, हे बघायचं धाडस त्याला कधी झालं नाही. तो इंजिनाची चाकं पुसत राहायचा.

उघडं बूच म्हणजे आपण अजून जाऊ शकतो. उघडं बूच म्हणजे आपण अजून गेलो नाही. दोन्ही खरं होतं आणि या दोन खऱ्यांच्या मध्ये सिरिलचं सगळं वर्ष अडकलं होतं. सकाळी उठून तो खाली यायचा आणि जेवायला वर जायचा, पुन्हा खाली. तळघराला एकच खिडकी होती, फुटपाथच्या पातळीवर, आडवी आणि ठेंगणी. तिच्यातून फक्त पाय दिसायचे. पूर्वी पाळी सुटली की पायांची रांग लागायची, पोलादी टोकांचे बूट, चिखलानं माखलेले, आणि सिरिल नुसत्या चालीवरून सांगायचा की हा कोण. आता पोस्टमनचे पाय यायचे. शेजारच्या म्हातारीचे यायचे, कुत्र्याचे चार पाय सोबत घेऊन. बाकी वेळ खिडकीत फुटपाथचा सिमेंटचा चौकोन, दुसरं काही नाही. कोपऱ्यात बॉयलर घुरघुरायचा. दुसऱ्या कोपऱ्यात उघड्यावरच बसवलेला संडास, ना भिंत ना पडदा. त्याचा बाप कारखान्यातून आला की मागच्या दारानं थेट इथं उतरायचा, इथंच अंग धुवायचा, काजळी इथंच सोडून मग वर जेवायला यायचा. गल्लीतल्या प्रत्येक घराच्या तळघरात असा एक संडास होता. आता त्याच्या झाकणावर इंजिनांचे खोके रचलेले असायचे. बाप अंग धुताना जो वास यायचा तो सिरिलच्या नाकात कायमचा बसला होता, कुजक्या अंड्यांचा, जळक्या काडेपेटीचा. भट्टीतून पोलाद निघाल्यावर मागं जी मळी उरते ती थंड होऊन दगड होते. तो दगड फोडून कारखान्याच्या रुळांखाली घालायचे. पाऊस पडला की तो दगड असा घाणायचा. पुढं सिरिल स्वतः त्या रुळांवर कामाला लागला तेव्हा त्याच्याही अंगाला तोच वास यायला लागला. लग्नाच्या पहिल्या वर्षी वेरोना नाकाला रुमाल लावायची. नंतर लावेनाशी झाली.

म्हणून शेवटी त्याला वाटलं होतं की दुकानातलं काही नको. कारखान्याच्या आवारात चुनखडी कधी नव्हतीच, मळी होती, तर इथंही मळीच पाहिजे. कुंपणाला भोक पडलं होतं तिथून तो बादली घेऊन आत शिरला. रूळ भंगारवाल्यांनी उपटून नेले होते, रुळांखालच्या लाकडी स्लीपरांचे खड्डे तेवढे उरले होते, खड्ड्यांत पाणी. आयुष्यभर सरळ रेषेत ठेवलेली ती खडी पायांनी विस्कटलेली पाहून त्याला एकदम राग आला, कुणाचा ते कळेना. वाकून त्यानं बादली भरली. दगड ओला होता. वास आला आणि तो तिथं एका खड्ड्याच्या काठावर बसलाच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला खात्री वाटली की रंग मिळाला. आणि रंग मिळाला म्हणजे राहायचं, हेही त्याच क्षणी ठरल्यासारखं झालं. घरी येताना बादली जड लागत होती. वेरोनानं दगड वाळवायला ओव्हन दिला, खिडक्या उघडल्या आणि नाकाला रुमाल लावला.

आणि आता ही दाढी. सिरिलनं चुंबक चौथ्यांदा फिरवला, पाचव्यांदा फिरवला. प्रत्येक वेळी दाढी थोडी विरळ व्हायची पण जायची नाही. दगडाच्या पोटातच लोखंड होतं. भुकटी करून टाकली तरी ते निघणार नव्हतं. तो बसून राहिला. मग त्याच्या मनात काहीतरी सुटलं. मोठं काही झालं नाही. पायातला बूट दिवसभर चावत असतो आणि बसल्या बसल्या आपण नाडी सैल करतो, तेवढंच. मग नको, त्याला वाटलं. नकोच. हा दगड त्याच्या इंजिनांना खाणार. बापाला खाल्लं, त्याची स्वतःची फुप्फुसं थोडीफार खाल्ली, आता ही खेळण्यातली इंजिनंसुद्धा खाणार, आणि तो मात्र याच्यासाठी बायकोला वर्षभर तिष्ठत ठेवतो! त्याला हसू आलं. बुचावरचे रूळ पातळ सुरी घातली की पट्ट्यापट्ट्यांनी उचलता येतात. खोक्यांत भरता येतात. ह्यूस्टनला म्हणे गॅरेजं मोठी असतात, आणि नसली तरी काय मोठं बिघडतं? त्याला एकदम उन्हाची आठवण झाली. कुठल्याही ठरावीक उन्हाची नव्हे, नुसत्या उन्हाची, तोंडावर पडणाऱ्या. वर वेरोनाच्या चपला स्वयंपाकघरात इकडून तिकडे जात होत्या. कांदा परतल्याचा वास येत होता. ती पिरोह्या करत होती, बटाटा भरलेल्या करंज्यांसारख्या, आणि बऱ्याच करत असावी. सिरिलनं हात धुतले. मनातल्या मनात वाक्य म्हणून पाहिलं: वेरोना, रंग काही मिळत नाही, चल, जाऊ या. चांगलं वाक्य होतं. तिला आधी गंमत वाटेल, मग ती खुर्चीवर बसेल, मग कदाचित रडेल. जिन्याशी जाऊन त्यानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तोच वरचं दार कुणीतरी उघडलं.

दारातून बूट उतरले. चेस्टरचे. त्यांच्यामागं ऑटो लीबचे, औषधांच्या दुकानवाल्या ऑटोचे, नेहमीसारखे पॉलिश केलेले. त्यांच्यामागं मंडळातले आणखी दोघे. चेस्टरच्या काखेत कॉफीचा मोठा डबा होता, ऑटोच्या हातात ड्रॉपरांची पिशवी.

"काय रे, तोंड का असं वासलंयस?" चेस्टर म्हणाला. "आम्ही चोर नाही. चोर असतो तर या तळघरात आलो असतो का?"

"तुम्ही? आज?" सिरिल म्हणाला.

"शनिवार आहे ना. मंडळाचा नियम काय? एकाचं काम अडलं की सगळ्यांनी त्याच्या घरी जायचं, काम उरकायचं आणि घरच्या बाईच्या हातचं खाऊन ढेकर द्यायचा. तुझं अडून वर्ष झालं. मंडळाची अब्रू जायची वेळ आली." चेस्टरनं डब्याचं झाकण काढलं आणि डबा सिरिलच्या नाकाखाली धरला. "बघ. चुनखडी तीन वाटे, राख एक वाटा आणि किंचित तपकिरी. माझ्या हातचं मिश्रण. चुंबक फिरवलाय, चिंता नको."

सिरिलनं डब्यात पाहिलं. रंग बरोबर होता. नुसता बरोबर नव्हे, तोच होता. पावसाच्या दुसऱ्या दिवशी, ऊन पडल्यावर, आवारातली मळी दिसायची तसा. वर्षभर ताटल्या मांडून जे साधलं नाही ते चेस्टरनं कॉफीच्या डब्यात हलवून आणलं होतं. सिरिलला त्याचा इतका राग आला की त्याचे कान गरम झाले.

"तुम्हाला बोलावलं कुणी?" त्यानं विचारलं.

चेस्टरनं अंगठा वर, छताकडे दाखवला. "हुकूम वरून आला. देवाकडून नाही, त्याच्या एक मजला खालून."

म्हणजे वेरोनानं. वेरोनानं बोलावलं. खडी टाकायला. म्हणजे तिनं ठरवलं, नाद सोडला. वर्षभर बुचावर बोट फिरवून ती थकली आणि एका सकाळी तिनं मनाशी म्हटलं असेल, जाऊ दे, त्याचा जीव इथंच आहे, राहू इथंच. आणि पिरोह्या करायला घेतल्या. त्याच्यासाठी तिनं बर्नाडेट सोडली, ऊन सोडलं, आणि त्यानं आता या चौघांसमोर म्हणायचं की थांबा, मला तर जायचंय? चेस्टर जाणार कुठं होता? चेस्टरचं सगळं इथंच होतं, बायकोची कबरसुद्धा. जाणाऱ्यांबद्दल मंडळात काय बोलतात ते सिरिलनं ऐकलं होतं, स्वतःही बोलला होता. थांबा, एवढाच शब्द. तो जिभेवर होता. पण थांबा म्हटलं की लगेच का म्हणून विचारतील, आणि त्या का-चं उत्तर बायकोच्या आधी या लोकांना द्यावं लागेल. वर जावं, तिला एकटीला गाठावं, असं त्याला वाटलं. पण जिन्यात ते दोघे पिशव्या सोडत उभे होते आणि त्यांना ओलांडून जायला काहीतरी निमित्त लागलं असतं. तेवढ्यात ऑटोनं भट्टीच्या मागच्या रुळावर चमच्यानं पहिली खडी ओतलीसुद्धा.

मग सगळं भराभर झालं. चौघं सवयीची माणसं होती. एक चमच्यानं खडी ओतायचा, दुसरा मऊ ब्रशनं ती स्लीपरांच्या मधे बसवायचा, तिसरा साबणाचं पाणी फवारायचा, ऑटो मागून ड्रॉपर घेऊन थेंब थेंब गोंद सोडत यायचा. दुधाळ गोंद खडीवर पडायचा, क्षणभर थबकायचा आणि आत शिरायचा. ओली झालेली खडी काळपट दिसायची. बुचाची तपकिरी पट्टी हातहातभर करत दिसेनाशी होत चालली. सिरिल मध्ये उभा होता, आपल्याच घरात पाहुण्यासारखा. तरी त्याला दिसत होतं की आवार जिवंत होत चाललंय. धक्क्याकडे जाणारं वळण, जिथं त्याचा बाप कामाला होता, ते वळण आता तेच वळण झालं होतं. हे त्याला आवडलं. आवडलं याची त्याला लाज वाटली. कुणीतरी त्याच्या हातात ब्रश दिला आणि त्यानं तो घेतला.

वेरोना थाळा घेऊन जिन्यात आली. पिरोह्या, कांदा, पातळ कापलेल्या हॅमचे पाव. जिन्याच्या मध्यावर ती थांबली. चौघांनी आरोळी ठोकली. ती कुणाकडे बघत नव्हती. ती सिरिलकडे बघत होती. इतकं सरळ तिनं त्याच्याकडे कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. बोल, त्यानं स्वतःला सांगितलं, आत्ता बोल. त्याचं तोंड उघडलं. पण त्याच वेळी त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात ऑटोचा ड्रॉपर आला, मोठ्या सांध्याच्या अगदी टोकाशी, जिथून रूळ दुभंगतो. तिथं गोंद गेला की सांधा कायमचा चिकटतो आणि गाडी एकाच वाटेनं जात राहते.

"ऑटो," सिरिल म्हणाला, "सांध्यात गोंद जाऊ देऊ नकोस. आधी तेलाचा थेंब टाक."

"अरे हो की," ऑटो म्हणाला.

वेरोनानं थाळा कपडे धुण्याच्या यंत्रावर ठेवला आणि ती वर गेली.

शेवटचा वीतभर तुकडा त्यांनी सिरिलसाठी ठेवला होता, ज्याची रेल्वे त्यानं शेवट करायचा म्हणून. त्यानं तो केला. टाळ्या पडल्या. चेस्टरनं ढेकर दिला, पिरोह्या जरा करपल्यात असं म्हणाला आणि तरी थाळा रिकामा करून गेला. खिडकीतून त्यांचे पाय जाताना दिसले, हसत चाललेले. पायांवरूनही हसू कळतं. ऊन उतरलं नव्हतं अजून. तळघरात साबणाचा आणि गोंदाचा वास होता. वेरोना थाळा न्यायला खाली आली.

"छान दिसतंय," ती म्हणाली.

"तूच बोलावलंस ना त्यांना?"

"हो."

"मला वाटलं..." सिरिलनं हातातला ब्रश पुसला. "मला वाटलं तू ठरवलंस. इथंच राहायचं म्हणून."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. आधी तिला कळलंच नाही बहुतेक. मग कळलं, आणि ती यंत्राला टेकली. "मी? अरे देवा. सिरिल, मला वाटलं, त्यांच्या हातात गोंद बघितलास की तरी तुझ्या तोंडून निघेल. थांबा. एवढंच. वर्षभर मी विचारलं नाही, पुढंही विचारणार नव्हते, पण मला एकदा ऐकायचं होतं. मी वर दाराला कान लावून उभी होते. पिरोह्या करपल्या माझ्या. मग म्हटलं खाली जाऊन समोर उभी राहते."

"मी येतच होतो वर! तुला सांगायला. जाऊ या म्हणून. देवाशपथ, वेरोना, पायरीवर पाय ठेवला होता मी."

"मग?"

"मग ते आले."

"आणि त्यांच्यासमोर तुला लाज वाटली."

"हो," सिरिल म्हणाला. खरं होतं, आणि बोलल्यावर ते भयंकर क्षुल्लक वाटलं. "पण हे ओलं आहे अजून. हात लावून बघ. उद्यापर्यंत ओलंच असतं. चमच्यानं सगळं निघतं, रूळसुद्धा निघतात, काही बिघडत नाही."

वेरोनानं थाळ्यातला चमचा उचलला. एप्रनला पुसला. त्याच्यापुढं धरला.

"मग काढ," ती म्हणाली.

त्यानं चमचा घेतला. तो धक्क्याकडच्या वळणाशी गेला, वाकला. खडी ओली, काळसर, चमकत होती. कुठून सुरुवात करायची ते तो बघत होता. बाहेरच्या कडेनं घातला तर एका घासात स्लीपरापर्यंत येईल. त्यानं चमच्याची कड रुळाजवळ नेली. तिथं, रुळाच्या माथ्याला चिकटून, एक दाणा बसला होता, ऑटोचा निष्काळजीपणा, पहिलंच इंजिन त्याच्यावर अडखळलं असतं. सिरिलनं चमच्याच्या टोकानं तो दाणा हळूच खाली लोटला. शेजारी आणखी एक होता, तोही लोटला. मग खडीची कड जरा ढासळल्यासारखी दिसली म्हणून चमच्याची पाठ तिच्यावरून फिरवली, एकदा, दोनदा, खाली उतरता उतार धरून, बापानं फावड्यानं शिकवला होता तसा. वळण सुरेख दिसायला लागलं. तो जरा मागं सरला, बघायला.

वेरोना त्याच्या हाताकडे बघत होती. मग सिरिलनंही पाहिलं आपल्या हाताकडे.

"वेरोना, हे नुसतं मी..."

"असू दे," ती म्हणाली. ती रागावलेली नव्हती. आवाज इतका मवाळ होता की सिरिलला धरायला काही मिळेना. तिनं थाळा उचलला आणि गुडघा सांभाळत, एकेक पायरी घेत वर गेली. दार तिनं लावलं नाही. टेलिफोन स्वयंपाकघरात भिंतीला होता, बरोबर त्याच्या डोक्यावर. तबकडी फिरल्याचा आवाज आला, लांबचा नंबर होता, बराच वेळ फिरत राहिली. सिरिलला वर जायचं होतं. त्याच्या पायांना ते कळत होतं. चमचा खाली ठेवायचा तर ओल्या खडीवर ठेवता येत नाही, म्हणून तो कुठं ठेवावा ते बघत तो उभा राहिला.

"बर्नाडेट?" वरून आवाज आला. "हो, मीच. अगं, त्या खोलीचं. नाही, नाही, मोठा पलंग नको आणूस. एक खाट पुरे."